गॅलरीतल्या बाईंना नम्र विनंती

यंदाही मिरच्या आल्या. पुण्याच्या मार्केट यार्डात लाल मिरचीची पोती उतरायला लागली आणि वारा आमच्या बाजूला फिरला, की पहिली शिंक तळमजल्यावर येते. मग ती मजल्यामजल्यानं वर चढते. आमच्याकडे पोचेपर्यंत तिला चांगला जोर चढलेला असतो. समोरच्या शाळेच्या रेडिओलाही ती सोडत नाही. परवा संध्याकाळी निवेदन करणारी मुलगी "श्रोतेहो, नमस्कार" म्हणाली आणि सटासट शिंकली. नाक पुसल्याचा आवाज आला. मग अत्यंत गंभीरपणे ती म्हणाली, "क्षमस्व. मोसम सुरू झाला आहे."

मी हसले, आणि हसता हसता माझी कानशिलं तापली. मार्चमध्ये माझी कानशिलं तापतात, त्याचा उन्हाशी काही संबंध नाही. हा महिना आला, की मला लाज वाटायला लागते. लोकांना या दिवसांत पांगारा आठवतो, पहिली कैरी आठवते, रसवंतीच्या चरकाची घुंगरं आठवतात. मला मी आठवते, गॅलरीत उभी, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंड उघडं.

शाळेचा रेडिओ म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या घरासमोर एक हायस्कूल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर पूर्वी जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथे आता मुलांचं रेडिओ स्टेशन आहे. भिंतींना स्नेहसंमेलनाच्या जुन्या सतरंज्या ठोकल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. कोपऱ्यात प्रयोगशाळेचा सांगाडा तसाच उभा आहे आणि हेडफोन त्याच्या मानेला अडकवतात. जाहिराती नाहीत, बातम्या नाहीत, सिनेमाची गाणी नाहीत. संध्याकाळी दोनेक तास मुलं बोलतात आणि आसपासच्या पाचसहा किलोमीटरांत ते ऐकू येतं. अलीकडे मार्केट यार्डातले हमाल, पलीकडे बिबवेवाडीतल्या आज्या. आमचे हे खराडीला नोकरी करतात. तिथवर स्टेशन पोचत नाही, हे त्यांचं भाग्य. माझी ताई मांजरीला राहते, उसाची शेतं जाऊन उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत. तिथेही पोचत नाही. हे मात्र आमच्या घराचं दुर्भाग्य ठरलं, कारण जे मांजरीला ऐकू येत नव्हतं ते पोचवायची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली होती.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी गार्गी तेव्हा नववीत होती. फेब्रुवारी उजाडला, की दहावीची मुलं अभ्यासाला घरी बसतात आणि स्टेशन नववीच्या हातात येतं. वर्षभर केबल गुंडाळणाऱ्यांना अचानक माईक मिळतो. गार्गीला मशीनवर बसायचं काम मिळालं होतं. कुणाचा आवाज कधी चढवायचा, कधी उतरवायचा, कधी बंद करायचा. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरी पण एक बसवता येईल का बघ." मी तेव्हाही हसले होते. माझा हाच घोळ आहे. मला सगळंच हसण्यावारी नेता येतं.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, डोहाळजेवण असो, तेराव्याचं जेवण उरकल्यावरचा सुस्त दुपारचा वेळ असो, कुणीतरी म्हणतंच, "सुनीता, ती अमक्याची सांग ना." आणि मी सांगते. हातवारे करून, आवाज काढून. ह्यांचा आवाज वेगळा, सासूबाईंचा वेगळा. गार्गीचा एक आवाज मी बसवला होता, जरा नाकातला, जरा किरटा. तो लोकांना फार आवडायचा. एकदा तिनं विचारलं होतं, "मी अशी बोलते?" मी म्हणाले, "अगं, थोडं मीठमसाला घालावा लागतो." ती काही बोलली नाही. आपण बोललेलं समोरच्याला पटलं म्हणून तो गप्प बसला, असं समजण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय.

तर त्या मोसमात काय व्हायचं, की रोज संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन ताईला फोन लावायची. गॅलरीतच का? घरात रेंज नाही असं मी सांगायची. घरात रेंज उत्तम होती. पण गॅलरीत हवा असते, समोर शाळा असते, खाली माणसं असतात, आणि गोष्ट सांगणाऱ्याला थोडी मोकळी जागा लागते. घसा खाकरून मी सुरू व्हायची आणि ताई पलीकडून "मग? मग?" करायची. पहिल्याच आठवड्यात स्टेशनवर गार्गीकडून माईक चालू राहिला. तिला पत्ता नाही. तिची मैत्रीण ऋचा काहीतरी विचारत होती आणि त्यावर माझी मुलगी पाचसहा किलोमीटरांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बास. आता हे आई मांजरीला कळवणार."

यावर शहाण्या बाईनं काय केलं असतं? मी मांजरीला कळवलं. "ताई, अगं, रेडिओवर माझा उल्लेख झाला!" असं म्हणून कळवलं. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. खालून जाणारा इस्त्रीवालासुद्धा मान वर करून हसला. त्या वाक्यात एक मुलगी वैतागली होती, हे मला कळायला किती वेळ लागावा? मला दिसली ती फक्त माझी भूमिका.

मग ती नळाची गोष्ट झाली. हे लिहायला घेतलं तेव्हा मी गार्गीला विचारलं, काय काय लिहू? ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "नळाचं लिही. बाकीचं नको." तर नळाचं. गणिताच्या चाचणीचे मार्क मिळाले, आणि ती घरी येऊन न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडत बसली. रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून नळ. मी बाहेरून ऐकत होते. आतून पाण्याचा आवाज बारीक-मोठा, बारीक-मोठा होत होता. हुंदका मोठा आला की ती नळ मोठा करायची. मशीनवरचं काम ती इथेही करत होती.

मला कळलं होतं ते. मी तिच्या आवडीचा शिरा केला. आणि संध्याकाळी तेच सगळं, नळाच्या आवाजासकट, गॅलरीत उभं राहून ताईला सांगितलं. मला नळाचा आवाज फार छान काढता येतो. गार्गी त्या दिवशी स्टेशनवर न जाता आत टेबलाशी भूमितीची आकृती काढत होती. दार उघडं होतं.

आता 'नम्र विनंती'कडे यायला हवं. हा त्या स्टेशनचा सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम, आणि तो पुण्यातच होऊ शकतो. आमच्याकडे माणूस समोरासमोर तक्रार करत नाही. तो पाटी लावतो. शाळेच्या बाईंनी, म्हणजे रेडिओ बघणाऱ्या बाईंनी, ही सगळी पाट्या लावायची हौस हवेत आणली. लोकांनी दुपारी स्टेशनला फोन करून आपली विनंती सांगायची. मुलं ती लिहून घेणार आणि संध्याकाळी वाचणार. कार्यक्रमाचे नियम पक्के होते. विनंती करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ज्याला करायची त्याचंही नाही. आणि टोमणा चालणार नाही. या शेवटच्या नियमामुळे मुलांचं मराठी जबरदस्त सुधारलं. लोक फोनवर अस्सल विष ओतायचे आणि मुलं त्यातला टोमणा वेचून काढायची. मिरचीचं देठ काढावं तसा. "ज्यांच्या वडिलांनी जिना विकत घेतला आहे त्यांनी खुशाल चपला ठेवाव्यात" हे संध्याकाळी "जिन्यात चपला ठेवू नयेत, ही नम्र विनंती" होऊन यायचं. परीक्षेच्या दिवसांत सगळ्या विनंत्या आवाजाच्या. टेम्पोवाल्यांनी शाळेच्या वळणावर हॉर्न आवरावा. ड्रिल मशीन पेपर संपेपर्यंत थांबवावं. वरच्या मजल्यावरच्यांनी पाटा-वरवंटा खाली टॉवेल घालून वापरावा.

कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना कळायचं. ज्याच्याबद्दल आहे तो सोडून सगळ्यांना. यातच त्या कार्यक्रमाची गंमत होती आणि मी त्या गमतीची मोठी चाहती होते.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. रेडिओ ओट्यावर. ऋचाचा आवाज आला, स्वच्छ, एकेक शब्द वेगळा.

"शाळेच्या समोरच्या एका इमारतीत एक बाई रोज संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून फोनवर घरातल्या गोष्टी सांगतात. गोष्टी मजेदार असतात. पण गोष्टीतल्या माणसालाही त्या ऐकू येतात. परीक्षा होईपर्यंत त्यांनी गोष्टी आत जाऊन सांगाव्यात, ही नम्र विनंती."

मी काय केलं असेल? मी गॅस बारीक केला, फोन घेतला, गॅलरीत गेले आणि ताईला फोन लावला. "ताई, ऐक, आजची विनंती ऐक," म्हणून ती अख्खी विनंती मी ऋचाच्या आवाजात, एकेक शब्द वेगळा करून, कठड्यावर रेलून, पूर्ण ताकदीनं म्हणून दाखवली. "कोण गं असेल ही भवानी?" असंही म्हणाले. समोर शाळेच्या वरच्या मजल्यावर स्टेशनची खिडकी उघडी होती, मिरचीचा वारा होता तरी.

मग मी परातभर मिरच्या घेऊन परचुरेकाकूंकडे गेले. काकू आमच्या शेजारी. सत्तरी ओलांडलेल्या, पोस्टातून निवृत्त, वापरतील ते शब्द मोजून वापरणाऱ्या. दर मोसमात आम्ही दोघी मिळून ब्याडगी आणि संकेश्वरीची देठं खुडतो आणि मग एकत्रच डंकावर कुटायला देतो. त्यांचा रेडिओही चालू होता.

"काकू, ऐकलंत का आज? कोण हो असेल ती बाई?"

काकूंनी एक देठ खुडलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला तर दुसऱ्या मजल्यावरच्या सानेबाई वाटतात."

"सान्यांच्या गॅलरीला कबुतरांची जाळी आहे. जाळीच्या आत सायकल आहे. सायकलवर गाद्या आहेत. त्या उभ्या कुठे राहणार?"

"मग वरच्या असतील."

"वरच्यांना मजेदार बोलता येत नाही."

मी हातातली मिरची फिरवत राहिले. काकू खुडत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्ही आत्ता गॅलरीत होतात ना?"

"हो, ताईला विनंती ऐकवत होते."

"ऐकली. दोनदा ऐकली. एकदा रेडिओवर आणि एकदा तुमची."

तरीसुद्धा, खरं सांगते, तरीसुद्धा मला वाटलं, ही काकूंचीच खोडी. मी जरा ताठ होऊन विचारलं, "काकू, ही विनंती तुम्ही केलीत का?"

"मी? मला सांगायचं असतं तर मी तुमच्या दारावर पाटी लावली असती. पोरांना कशाला त्रास देऊ?" त्यांनी परात स्वतःकडे ओढली. "काय म्हणाली ती मुलगी? गोष्टीतल्या माणसालाही ऐकू येतं. तुमच्या गोष्टींत मी असते का?"

"छे हो काकू, तुमच्याबद्दल मी कशाला..."

"असते. पण तेव्हा तुम्ही आत जाता. दार लावल्याचा आवाज येतो."

हे वाक्य त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त माहिती देत होत्या. आणि ती खरी होती. काकूंची गोष्ट सांगायची असली की मी आत जात असे. दार लावत असे. काकूंना वाईट वाटेल, काकू बोलतील, काकू मिरच्या एकत्र कुटणार नाहीत, याची मला धास्ती होती. सासूबाईंच्या गोष्टी त्या गावाला गेल्या की. ह्यांच्या गोष्टी हे खराडीला असताना. सगळ्यांसाठी मी दार लावत होते. ज्या एका माणसाची गोष्ट सांगताना दार लावावं असं मला कधी सुचलं नव्हतं, ती आतल्या खोलीत भूमिती करत होती.

मी डोळ्यांना हात लावला. मिरचीचा हात. मग जे पाणी सुरू झालं त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. काकू उठल्या, वाटीत दूध आणलं, कापूस बुडवून माझ्या हातात दिला. "चोळू नका," म्हणाल्या. "वाढतं."

त्या रात्री गार्गी आली, जेवली, झोपली. मी पोळी वाढताना इतकी गप्प होते की ह्यांनी विचारलं, "बरं नाही का?" घरात माझी शांतता म्हणजे आजारपण समजतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या डोक्यात एक कल्पना आली. आता मागे वळून पाहताना वाटतं, माझ्या डोक्यात कल्पना येऊच नयेत. मला वाटलं, माफी मागायची, पण सुंदर मागायची. जिथे घडलं तिथेच. मी स्टेशनला फोन लावला.

"नमस्कार, नम्र विनंती. कृपया आपलं नाव सांगू नका." ऋचाच होती.

मीही घसा खाकरून औपचारिक झाले. "एका घरातल्या मुलीला तिच्या आईची विनंती आहे."

"एक मिनिट हं काकू, लिहून घेते. एका घरातल्या मुलीला... हं. मुलीनं काय करायचं?"

"माफ करायचं."

मग ऋचा, अगदी आदरानं, "काकू, माफ करणं विनंतीत बसतं का ते बाईंना विचारावं लागेल. म्हणजे आत्तापर्यंत आपण चपला, हॉर्न, कचरा असंच घेतलंय."

"मग असं लिही, की आईला आपली चूक कळली आहे आणि ती यापुढे..."

"काकू, तुम्ही गार्गीच्या आई ना?" तिनं आवाज खाली आणला. "नाव सांगू नका म्हणालेय मी, पण तुमचा आवाज कळतो."

मागून कुणीतरी विचारलं, "कुणाचा फोन आहे?" आणि मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज, आणि गार्गी.

"आई. फोन ठेव."

मी ठेवला. मला त्या खोलीतला तो सांगाडा दिसत होता, मानेत हेडफोन घातलेला. तोसुद्धा माझ्याकडेच बघतोय असं वाटलं.

संध्याकाळी ती आली. बूट काढले, हात धुतले, आणि स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. ह्यांना यायला अजून वेळ होता.

"तू परवा ऐकलीस विनंती?" तिनं विचारलं. परवा नव्हे, कालच. पण तिला ते लांबचं वाटत असावं.

"ऐकली."

"मग मावशीला सांगितलीस."

"हो."

"ऋचाचा आवाज काढून."

"हो."

"आम्हाला खिडकीतून ऐकू आलं. ऋचा हसली. तिला वाटलं तुझी गंमत चाललीये." ती स्टुलाच्या कडेला नखानं टोकरत होती. "मला वाटलं होतं तुला लगेच कळेल. म्हणून मी मुद्दाम 'मजेदार असतात' घातलं. तुला वाईट वाटू नये म्हणून."

माझ्यावर रागावलेली असतानाही तिनं विनंतीतला टोमणा माझ्यासाठी वेचून काढला होता.

"तू घरीच का नाही सांगितलंस मला?"

"सांगितलं असतं तर ती पण एक गोष्ट झाली असती," ती म्हणाली. "'आमच्या गार्गीला राग आलाय' अशी. माझा तो आवाज काढून." मग थांबून, "मी नियम मोडला आई. विनंती फोनवर आली असं मी बाईंना खोटं सांगितलं. आपल्या घरचं आपण द्यायचं नाही असं ठरलंय आमचं. मला रात्री झोप नाही आली त्याच्यामुळे."

म्हणजे ती रात्रभर जागी होती आणि मला वाटत होतं मीच तेवढी जागी आहे.

"आणि आज तू माफीसुद्धा रेडिओवर मागणार होतीस."

"सगळ्यांसमोर मागितली तर ती मोठी होईल असं वाटलं मला."

"मला छोटी चालली असती," गार्गी म्हणाली.

मी तिथेच, ओट्यापाशी, पिठाच्या हातानं तिला म्हणाले, चुकलं माझं. आवाज न काढता, हातवारे न करता. इतकं साधं वाक्य बोलायची मला सवय नव्हती. ते मधेच संपल्यासारखं वाटलं. ती "हं" म्हणाली. नंतर उठून ताटं घेतली. त्या "हं"मध्ये माफी होती का, हे मी पुढे किती दिवस चाचपून पाहत होते.

त्या वर्षीचा उरलेला मोसम मी रेडिओवर घालवला. म्हणजे ऐकत. घरी गार्गी माझ्याशी व्यवस्थित बोलायची. भाजी कुठली आहे, पेपर किती वाजता आहे, इस्त्रीचे कपडे आले का. त्यापलीकडे काही नाही. रागावलेली नव्हती. फक्त सावध झाली होती. घरात पाहुणा आला की आपण जसं बोलतो तसं ती माझ्यासमोर बोलायची. आणि संध्याकाळी स्टेशनवर कुणाचा तरी माईक बंद व्हायच्या आत मागून तिचं हसणं ऐकू यायचं. मोठं, घशातून येणारं, नाकातून अजिबात नाही. मी इतकी वर्षं जो आवाज तिचा म्हणून विकत होते त्याचा आणि या हसण्याचा काही संबंध नव्हता. माझ्या मुलीचं खरं हसणं मी शाळेच्या रेडिओवर ऐकत होते, मार्केट यार्डातल्या हमालांना जेवढं ऐकू येतं तेवढंच.

ताईनं विचारलं, "काय गं, हल्ली काही नवीन नाही?" मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "असं कसं? मुलगी घरात आहे ना?" मुलगी घरात होती. गोष्ट घरात नव्हती. मी आत जाऊन दार लावून फोन करायला लागले, पण आत गेल्यावर सांगण्यासारखं काही उरायचं नाही. ताई ऊस, बिल्डर, पाणी यांबद्दल बोलायची आणि मी "मग? मग?" करायची. ताईला केव्हापासून बोलायचं होतं असं दिसलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि ती मला ते सांगायचं म्हणून फोन उचलायची आणि माझी गोष्ट ऐकून तसाच ठेवून द्यायची. हीही एक लाज. ती कुठे ठेवू?

लोक म्हणतात, मायेनं सांगतेस गं, त्यात काय. मीही स्वतःला तेच म्हणत आले. माया होतीच. पण मायेनं सांगितलं म्हणून ऐकणारा कमी हसतो असं नाही. इस्त्रीवाला हसला होता. नळाच्या गोष्टीला तर ताईच्या घरचे सगळे हसले होते, फोन स्पीकरवर होता. नंतर ताईच्या मुलानं गार्गीला नळाचं चित्र पाठवलं होतं. ते तिनं मला दाखवलं नाही. पुष्कळ नंतर मला त्याच्याकडूनच कळलं. अंगावर शहारा येतो तशी लाज येते मला कधी कधी, भाजी चिरताना, बँकेच्या रांगेत, कुठेही. मी मान झटकते. लोकांना वाटतं माशी आहे.

यंदा गार्गी अकरावीला आहे. तिचं कॉलेज दुसऱ्या बाजूला, स्टेशन आता दुसऱ्याच मुलांकडे. परीक्षा जवळ आली आहे, घरात सबमिशनच्या फायली पडल्या आहेत, गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया वाळतायत आणि मिरची नाकात जातेय. परवा संध्याकाळी मी कोथिंबीर निवडत बसले होते. ती कॉलेजातून आली, दप्तर टाकलं आणि समोर बसली. काही न विचारता बोलायला लागली. तिच्या वर्गातल्या एका मुलाचं आणि प्रॅक्टिकलच्या सरांचं काहीतरी झालं होतं, त्यात तीही अडकली होती, त्यात जरा भीती होती, जरा गंमत होती, आणि एक अशी जागा होती की तिथे ती स्वतःच लाल झाली. मी कोथिंबीर निवडतच होते. मान वर केली नाही. श्वाससुद्धा बेतानं घेत होते, खिडकीत पाखरू बसल्यावर घेतो तसा.

मधेच ती थांबली.

"आई."

"काय गं?"

"तू मनात सांगायला लागलीस ना आत्ता?"

"काय?"

"ओठ हलतायत तुझे."

मी ओठ मिटले. खरं होतं. सर कसे बोलतील ते मी आतल्या आत बसवून पाहत होते. सुरुवात कुठून करायची तेही ठरलं होतं. माझी कानशिलं तापली. "हो," मी म्हणाले. दुसरं काही म्हणण्यात अर्थ नव्हता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. कोथिंबिरीची एक काडी उचलली, तिची पानं तोडली, आणि काडी बाजूला ठेवली. मग तिनं उरलेलं सांगितलं. सगळं सांगितलं की थोडं ठेवून सांगितलं, ते मला माहीत नाही. विचारलं नाही.